पाटनच्या गाडीचं आपलं भांडण

कावळा लगेच आला तुमचा. आधी हेच सांगते, कारण त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मंडळाचे सेक्रेटरी घरी येऊन गेले. म्हणाले, वहिनी, स्मरणिकेसाठी त्यांच्यावर दोन पानं तुमच्याकडून हवीत. जन्म कुठला, फॅक्टरीत कधी लागले, गणेशोत्सवात काय काय केलं, असं लिहून द्या. मी म्हटलं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, तुम्हीच लिहा. मला यांच्याशीच वेगळं बोलायचं आहे, आणि ते छापण्यासारखं असेल की नाही ते तुम्ही बघा. त्यांनी मान हलवली. बाई दुःखात आहे, असं वाटलं असेल त्यांना. दुःखात तर मी आहेच, पण त्याहून जास्त संतापात आहे, आणि ज्याच्यावर संताप काढायचा तो माणूस हार घालून भिंतीवर जाऊन बसला आहे.

दहाव्याला मीही नर्मदेवर, ग्वारीघाटावर आले होते. समीर नको म्हणत होता. "आई, घाट पे लेडीज नहीं जातीं ना, तू घरीच थांब." तुमचा मुलगा, अर्धं वाक्य हिंदीत आणि अर्धं मराठीत. मी म्हटलं, जन्मभर ज्यांच्याशी भांडले त्यांचं शेवटचं भांडण मी नाही ऐकणार तर कोण ऐकेल? आणि भांडण होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुमचा जीव कशात अडकला आहे ते नागपूरपासून इथं जबलपूरच्या विजय नगरपर्यंत आपल्या प्रत्येक नातेवाइकाला माहीत होतं. पाटनच्या गोदामात उभी असलेली ती जुनी, बिनछपराची गाडी. ती घ्यायची, खोलायची, पुन्हा नवी करायची, हे तुमचं वेड. आणि ती घ्यायची नाही, हा माझा हट्ट. दोन वर्षं दुसरा विषय नव्हता घरात.

ऑटोत बसल्या बसल्या वामन भाऊजींनी सुरुवात केली. "वहिनी, एक बोलू का? तिथं उगाच अडून नका राहू. कावळा नाही शिवला तर सरळ म्हणून द्या, गाडी घेऊ. म्हणायचंच असते ना फक्त. घ्यावी थोडीच लागते."

तुमचा सख्खा भाऊ बरं का. म्हणे घ्यावी थोडीच लागते!

मी म्हटलं, भाऊजी, मी त्यांच्या तोंडावर कधी खोटं बोलले नाही, आता पाठीमागे बोलू? नाही घ्यायची म्हणजे नाही घ्यायची. संध्याकाळ झाली तरी चालेल. फारच झालं तर दर्भाचा कावळा करा आणि घरी चला.

मी तयारीनं आले होते हो. रात्रीपासून मनात उत्तरं जुळवत होते. तुम्ही त्या समोरच्या झाडावर बसून माझ्याकडे बघणार, मी खालून तुमच्याकडे बघणार, आणि होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. गढा वस्तीतल्या गुरुजींनी पिंड मांडले. बाजूच्या पायरीवर दुसऱ्या कुणाचं काहीतरी चाललं होतं, तिथले पंडितजी आमच्याकडे पाहून म्हणाले, "अब किसका इंतज़ार है, दादा?" त्यांच्यात हे कावळ्याचं एवढं नसतं. गुरुजी त्यांना समजावून सांगायला वळले, त्यांचा हात अजून पुरता मागे आला नव्हता, आणि तुम्ही खाली!

ना इकडं पाहिलं, ना तिकडं. सरळ उतरलात, भाताचा मोठा घास उचललात, आणि नर्मदेवरून पलीकडे. वामन भाऊजी तोंड उघडून उभे. मग सगळ्यांनी हुश्श केलं. कुणीतरी म्हणालं, "शांत गेला हो माणूस. कशातच जीव नव्हता अडकला."

कशातच नव्हता? मग मी काय दोन वर्षं हवेशी भांडत होते?

घरी आल्यावर मी सरळ आतल्या खोलीत गेले. लोकांना वाटलं रडून राहिली आहे. मी आत बसून दात खात होते. मला फसवल्यासारखं वाटत होतं, पण कुठं आणि कसं ते सापडत नव्हतं.

मला ते सगळं पहिल्यापासून आठवावं लागलं. कुसुम गेली त्या वर्षीचं. माझी धाकटी बहीण, नागपूरला, चार दिवसांच्या तापात गेली, आणि मी परत आले ती तोंडाला कुलूप लावूनच. मी काही ठरवलं नव्हतं. बोलायचंच जिवावर यायचं. शेजारच्या दुबे भाभी भजनाला चला म्हणून दारात उभ्या राहायच्या, मी मान हलवून दार लावून घ्यायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची, बोलणं यायचं नाही. तुम्ही रोज संध्याकाळी चहा करून आणायचे. तुमचा तो चहा, साखरेचा पाक नुसता. दिवाणाच्या कडेला बसायचे आणि म्हणायचे, "बोल ना काही." रोज एवढंच. मी पंख्याकडे बघत राहायची. मग तुम्ही माझा चहा पण पिऊन टाकायचे आणि कप उचलून न्यायचे.

आणि मग एका रविवारी सकाळीच, "चल, कपडे बदल. पाटनला जाऊन येऊ." का, कशाला, काही नाही. मी स्कूटरवर मागे बसले. पाटन रोडवर थंडी मी म्हणत होती. पटेलजींचं गोदाम आलं, तुमच्या फॅक्टरीतल्या कुणाचे तरी साडू ते, मटरचा व्यापार. गोदामात हिरव्या मटरचा वास कोंदून राहिलेला आणि पोती अगदी छतापर्यंत. एका कोपऱ्यात ताडपत्री. पटेलजींनी ती ओढली तेव्हा एवढी धूळ उडाली की आपण तिघंही खोकत बाहेर आलो.

पुन्हा आत गेलो तेव्हा ती दिसली. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कुण्या साहेबाकडून हौसेनं घेतलेली. कधी सायीच्या रंगाची असेल, आता कसल्याच रंगाची नव्हती. टप कापडाचा, तो उंदरांनी खाल्लेला, नुसत्या सळया उरलेल्या. मागच्या सीटवर मटरची दोन पोती बसवलेली. पायाशी पत्रा सडून खालची जमीन दिसत होती. तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर हात ठेवला आणि मला म्हणालात, "कशी आहे?"

मी गप्प.

"कन्व्हर्टिबल म्हणतात हिला. मी घेऊन राहिलो."

"डोकं फिरलं का तुमचं?" मीच ओरडले ते. "ठेवाल कुठं हिला? माझ्या मोगऱ्यावर? जमीन दिसते आहे तिच्यातून, जमीन! पाय खाली सोडून चालवणार का? आणि छत नाही तर जबलपूरच्या उन्हात बसून काय पापड वाळवायचे?"

पटेलजी चहाचा ट्रे घेऊन येत होते, ते दारातच थबकले. आणि तुम्ही हसलात. एवढं हसलात की बोनेटला टेकावं लागलं. मला तेव्हाही राग आला होता त्या हसण्याचा. मी इतक्या पोटतिडकीनं बोलते आहे आणि हा माणूस दात काढून राहिला! परत येताना पूर्ण रस्ता मी मागून बोलत होते. हेल्मेटमध्ये तुम्हाला किती ऐकू गेलं देव जाणे.

त्यानंतर दर रविवारी पाटन. अहो, एखादी वस्तू घ्यायची की नाही हे ठरवायला माणसाला किती रविवार लागतात? समीरच्या लग्नाला होकार द्यायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरली होती. आणि इथं तुमचं ते फ्रिजवरचं चुंबक. सूनबाईनं हौसेनं आणलेलं, आंब्याच्या आकाराचं. ते खिशात घालून न्यायचे आणि गाडीच्या पत्र्यावर जागोजागी लावून बघायचे. चिकटलं तर खरा पत्रा, घसरलं तर आत पुट्टी भरली आहे. डाव्या दारावरून ते दर रविवारी घसरायचं. दर रविवारी तुम्ही उचलायचे, "हं, इथं पुट्टी आहे," म्हणायचे आणि पुन्हा खिशात. मी म्हणायचे, पत्रा काय दर आठवड्याला बदलतो का? मागच्या रविवारी होती ती पुट्टी कुठं पळून गेली असणार? तुम्ही म्हणायचे, "पक्कं करून घ्यावं ना." तेव्हाच कळायला हवं होतं मला. फॅक्टरीतला इतका पोचलेला माणूस एकच दार वर्षभर तपासत नाही.

आणि आपलं ते भांडण! जाताना जागेवरून, येताना टपावरून. तुमचं म्हणणं, गाडी पुढच्या अंगणातच राहील, मोगरा आणि कढीपत्ता काढावा लागेल, कारण घरामागच्या बोळीत ती मावत नाही, दार उघडणार नाही. माझं म्हणणं, मोगऱ्याला हात लावाल तर बघा. तुम्ही म्हणायचे, थंडीत टप उघडून फिरू, तू स्कार्फ बांध. मी म्हणायचे, मी स्कार्फ आणि तुम्ही कानटोपी, लोक तिकीट काढून बघायला येतील. एकदाच तुम्ही गंभीर झाला होता. "जन्मभर ट्रक बनवले ना मी. एवढे गेले हाताखालून, एकही कुठं गेला माहीत नाही. एक तरी गाडी अशी असावी की पहिल्या नटापासून आपण केली." मी म्हटलं, मग आधी घरातला नळ करा, पहिल्या वॉशरपासून. तुम्ही खरंच तो नळ केलात त्या संध्याकाळी. अजून गळत नाही.

रस्त्यात ते मंगोड्यांचं, मूगडाळीच्या भज्यांचं दुकान. जाताना थांबायचं, येताना थांबायचं. घरी डबा भरून ठेवलेला आणि तुम्ही तिथं बाकावर बसून मंगोडे मागवायचे. प्लेट समोर आली की दोन खायचे आणि उरलेले माझ्याकडे सरकवायचे. मी किती बोलले आहे तुम्हाला त्या मंगोड्यांवरून. या वयात तळण, तेही कुण्या तेलातलं, जीभ काही आवरत नाही तुमची! तुम्ही ऐकून घ्यायचे आणि तसेच बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून.

मग एक दिवस सकाळी पेपर वाचता वाचता तुम्ही मान टाकलीत. चष्मा तसाच नाकावर. मी आतून ओरडून राहिले होते की आंघोळीचं पाणी गार होऊन राहिलं आहे.

पटेलजी तेराव्याला आले. जेवणं आटोपत आली होती. हातात पिशवी, ताज्या मटरची. दुःखाच्या घरी मटर का आणलात कुणी विचारलं नाही, त्यांच्याकडे तेच असतं. तुमच्या फोटोसमोर बसले, डोळे पुसले. मग मला म्हणाले, "भाभीजी, एक बात पूछनी थी, बुरा न मानना. इस इतवार एक आदमी आ रहा है गाड़ी देखने. शादी-ब्याह में दूल्हे के लिए चलाएगा, झालर-वालर लगा के. दे दूँ?"

मी म्हटलं, हे मला कशाला विचारता. तुमचे भैयाजी घेणार होते, ते राहिले नाहीत.

पटेलजींनी मटरची पिशवी भिंतीशी सरकवली. मग हळूच म्हणाले, "भैयाजी तो पिछली मटर में ही मना कर गए थे, भाभीजी."

मागच्या मटरमध्ये. म्हणजे मागच्या हिवाळ्यात. म्हणजे अख्खं वर्ष झालं होतं.

मी म्हटलं, असं कसं? आम्ही तर गेल्या महिन्यातही आलो होतो. चुंबक लावून पाहिलं त्यांनी. टपाच्या कापडावरून माझ्याशी भांडले.

"हओ," पटेलजी म्हणाले. "वो तो बोले थे, पटेलजी, डॉक्टर ने कहा है दिल कमज़ोर है, भारी काम नहीं करना. गाड़ी अब मेरे हाथ से नहीं बनेगी. पर इतवार को आते रहेंगे. आप भाभीजी से कुछ मत कहना. गाड़ी की बात चलती रहे तो ये बोलती रहती हैं."

वामन भाऊजी तिथंच होते, समीरही होता. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला आणि आत निघून गेले. पटेलजी कधी गेले मला माहीत नाही.

आता तुम्ही मला उत्तर द्या. छातीचं दुखणं तुमचं, आणि ते कुणाला ठाऊक? पाटनच्या मटरवाल्याला! मी एका छताखाली, तुमच्या ताटात मीठ किती पडतं ते माझ्या हातात, तुमच्या बनियनला भोक पडलं की आधी मला कळतं, आणि तुमचं काळीज थकलं आहे हे मला तेराव्याच्या पंगतीत कळावं? डॉक्टरकडे कधी गेलात? कोणत्या डॉक्टरकडे? गोळ्या कुठं लपवल्या होत्या? मी तुमचं कपाट उलटं केलं. सापडल्या. जुन्या शेव्हिंगच्या डब्यात, ब्लेडखाली. मी तो डबा कधी उघडत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. बापा रे बापा, किती हुशारी! फॅक्टरीत नव्हती वापरली एवढी हुशारी कधी, नाहीतर जनरल मॅनेजर होऊन रिटायर झाला असता.

आणि ती स्कूटर! थंडीत सुरू होत नाही म्हणून किका मारायचे तुम्ही, दहा-दहा, पंधरा-पंधरा. मी बाजूला हेल्मेट धरून उभी, आणि वरून बोलून राहिले आहे की जोर लावा, जेवत नाही का. मला सांगितलं असतं तर बसने गेलो असतो ना? पाटनची बस काय कमी आहे? ते मंगोडे खायला थांबत नव्हता तुम्ही. दम खायला थांबत होता. आणि मी जिभेवरून बोलत होते. बोलू दिलंत मला. हे मी कसं विसरू आता? तुमचा सगळा बेत ठीक होता हो, पण त्यात मला काय वाटेल ते धरलंच नव्हतं तुम्ही.

माझ्यासाठी केलं म्हणे. मी बोलावं म्हणून. का, मी काय चावीचं खेळणं होते, दर रविवारी फिरवायचं आणि आठवडाभर चालवायचं? मी खरी भांडत होते. माझ्या मोगऱ्यासाठी खरी तळमळत होते. रात्री जागून मुद्दे काढायचे, सकाळी पोहे करताना ते तुम्हाला ऐकवायचे, आणि तुम्ही समोर बसून खोटं भांडायचे. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. रडू त्याच्यानंतर येतं, आधी रागच येतो.

समीर परवा म्हणाला, "पर आई, बाबा को भी अच्छा लगता होगा ना?" मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. पण ते डोक्यातून गेलं नाही. कारण एक रविवार मला आठवला. या उन्हाळ्याआधीचा. पटेलजी फोनवर बोलत बाहेर गेले होते आणि तुम्ही दार उघडून मला म्हणालात, बस. मी म्हटलं, साडी खराब होईल. तुम्ही रुमाल अंथरला. मी बसले. तुम्ही दुसऱ्या बाजूनं येऊन स्टिअरिंगवर बसलात. मागे मटरची पोती, वर सळया, सळयांवर गोदामाचे पत्रे, आणि त्यांच्या फटीतून येणारं ऊन तुमच्या हातावर पडलेलं. तुम्ही गिअर टाकल्यासारखं केलं आणि विचारलं, "कुठं जायचं?"

मी म्हटलं, घरी. दूध तापवायचं आहे.

तुम्ही म्हणालात, "अच्छा, चलो." आणि तसेच बसून राहिलात. मीही बसले. पटेलजी येऊन परत गेले, त्यांनी हाक नाही मारली. तेव्हा तुम्हाला माहीत होतं. गाडी होणार नाही, तुमच्या हातून तर नाहीच, आणि पुढचा हिवाळा धरायचा की नाही तेही नाही. आणि तुम्ही मला विचारत होता, कुठं जायचं. मी दुसरं काही म्हणाले असते. दुसरं बरंच काही होतं. चौसष्ट योगिनीच्या देवळाच्या पायऱ्या चढून किती वर्षं झाली, तिथं म्हणाले असते. नागपूरला, कुसुमच्या घरासमोरून एक चक्कर मारून येऊ, असं म्हणाले असते. तुम्ही मला सांगितलं असतं, तर मी दूध नसतं म्हटलं.

त्या दोन वर्षांत मी जेवढी बोलले तेवढी लग्न झाल्यापासून बोलले नसेन. हेही खरं आहे. हे मी रागातच लिहिते आहे, पण लिहिते आहे. कुसुमचं नाव मी पहिल्यांदा त्या स्कूटरवर मागे बसून घेतलं होतं. टपाच्या कापडावरून भांडता भांडता म्हणाले, कुसुमला असा रंग आवडायचा. आणि मग घर येईपर्यंत कुसुमचंच बोलत होते. तुम्ही वेग कमी केला होता. त्याबद्दल तुमचे पाय धरीन मी. बाकी कशाबद्दल नाही.

समीर मला त्याच्याकडे बंगलोरला घेऊन जाऊन राहिला होता. घर बंद करू, नंतर बघू विकायचं, असं चाललं होतं त्याचं. सूटकेस पलंगावर उघडी पडली होती. सगळे म्हणत होते, एकटी काय करशील इथं? कुणाशी बोलशील? तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी घेतली आणि घरामागच्या बोळीत गेले. समीर मागे मागे, "आई, ये क्या कर रही है?" मी त्याला एक टोक धरायला लावलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. मग पटेलजींना फोन करून गाडी मोजायला सांगितली, आरशासकट.

रविवारी गेले पाटनला. बसने. समीर सोबत होता, पूर्ण रस्ता हिंदीत समजावत होता. मंगोड्यांच्या दुकानापाशी बस थांबत नाही, मी खिडकीतून पाहिलं. तो झालरवाला आधीच येऊन उभा होता, गाडीभोवती फिरून राहिला होता, मोबाइलवर फोटो काढत होता. मी पर्समधून आंब्याचं चुंबक काढलं आणि डाव्या दारावर लावलं. घसरलं. मी त्याला म्हटलं, "यहाँ पुट्टी है, भैया. और नीचे चेसिस भी गला है. आप रहने दो." तो पटेलजींकडे बघायला लागला. पटेलजी माझ्याकडे.

"पटेलजी, किसी को नहीं देना," मी म्हटलं. "गाड़ी मैं ले रही हूँ."

समीर म्हणाला, "आई! ती चालणार पण नाही! कोण करणार ती?" एवढं लांब मराठी त्याच्या तोंडून कधी ऐकलं होतं मला आठवत नाही.

मी करीन. पहिल्या नटापासून. कोणता नट कशाचा, कार्बोरेटर कुठं, टपाच्या सळया कोणत्या क्रमानं दुमडतात, हे सगळं दोन वर्षं कानीकपाळी ऐकवलंत तुम्ही. ऐकत नाही, ऐकत नाही म्हणायचे मला. ऐकत होते. नाही झाली तर नाही झाली. उभी राहील. पण त्या झालरवाल्याला नाही देणार आणि बंगलोरला आत्ता मी जाणार नाही. समीरनं सूटकेस बंद करून परत वर ठेवली आहे, तोंड फुगवून का होईना.

तुम्ही हो म्हणत होता तेव्हा मी नाही म्हणत होते. तुम्ही नाही म्हणून मोकळे झाला होता आणि मला पत्ता लागू दिला नाही. ठीक आहे. तुमचं नाही ना? मग माझं हो.

काल गाडी आली. ट्रॅक्टरला बांधून, पटेलजी स्वतः स्टिअरिंगवर. सगळी गल्ली बघायला गोळा झाली होती. मागच्या सीटवर मटरचं एक पोतं त्यांनी तसंच ठेवून दिलं होतं, दुबे भाभींनी निम्मं नेलं. मोगरा हलवला नाही मी. कढीपत्त्याची फांदी पण नाही तोडली. मागच्या बोळीत घातली गाडी, आणि मावली. शिवाय डाव्या बाजूचं दार पूर्ण उघडतं, भिंतीला न घासता. मी पाच वेळा उघडून पाहिलं. दोन वर्षं तुम्ही म्हणत होता, तिथं मावत नाही, दार उघडणार नाही. फॅक्टरीचा माणूस, आणि जन्मात कधी मोजूनच पाहिलं नाही.

संध्याकाळी चहा केला, दोन कप. तुमच्या कपात साखर तुमच्यासारखीच, पाक. गाडीत जाऊन बसले. तुमचा कप डॅशबोर्डवर ठेवला. चुकलात तुम्ही. सरळ चुकलात, आणि मी बरोबर होते, आणि दार उघडं आहे, बघा.

बोला ना काही.